मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला टॅब्लेट लागतोच का?

साखळीचा_बाबा

नमस्कार. मी कदंब महामंडळाच्या बसवर चालक आहे, राहायला साखळीजवळ. थोरली मुलगी गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला गेली. आमच्या घरात डॉक्टर सोडाच, बारावी सायन्स झालेलंही कुणी नव्हतं. त्यामुळे हे कुणाला विचारावं ते कळत नाही.

आता तिचं वॉर्डात जाणं सुरू झालंय. वर्गातल्या बऱ्याच मुलांकडे पेनाने लिहायचे टॅब्लेट आहेत. ती मागत नाही, आणि तिथेच माझी अडचण आहे. मागितला असता तर हो की नाही सांगता आलं असतं. तिचा फोन चार वर्षांचा, काच तडकलेली. जागा भरली की घरचे फोटो पुसून अभ्यासाचं काहीतरी उतरवते. म्हापशाच्या दुकानात पेनासकट टॅब्लेटचे ३८,००० सांगितले. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की हप्त्याने घेऊ शकतो. शिक्षणाला खरंच लागत असेल तर मी मागेपुढे बघणार नाही. पण वॉर्डात ही मुलं त्यावर नक्की करतात काय? फोनला जोडून पोटाची सोनोग्राफी करता येते असा व्हिडिओही तिने दाखवला. तेही घ्यावं लागतं का?

डिचोलीची_डॉक्टर

भाऊ, मी फिजिशियन आहे. आमचे पहिले वर्ग पणजीच्या जुन्या इमारतीत झाले, जिथे आता इफ्फी हा चित्रपट महोत्सव भरतो. तेव्हा एप्रनच्या खिशात हाताएवढी वही असायची. सरांनी सांगितलेला प्रत्येक डोस त्यात. २००२ मध्ये मावसभावाने अमेरिकेहून काडीने लिहायचं, हातात मावणारं यंत्र आणून दिलं. महिनाभर बसून सगळी वही मी त्यात उतरवली. त्या पिढीच्या यंत्रांत मजकूर सेलवरच टिकायचा. एका दिवाळीत सेल संपलेले लक्षात आलं नाही आणि सगळं पुसलं गेलं. वही अजून आहे. तरीही मी यंत्राच्या बाजूची आहे, हे आधी सांगते. औषधं इतकी वाढलीत की कुठलं कुणाबरोबर चालत नाही हे डोक्यात ठेवायचा हट्ट धरणं धोक्याचं आहे. मी स्वतः रोज फोनमध्ये बघते, रोग्यासमोर बघते.

पण तुमच्या मुलीला एक गोष्ट आत्ताच कळायला हवी. यंत्राला आकडा आपण द्यायचा असतो, आणि तो आकडा हाताने, कानाने आणि विचारून आणावा लागतो.

एक प्रसंग सांगते. हॉस्पिटलचं नाव नको. तापाने फणफणलेलं दहा-अकरा महिन्यांचं बाळ आलं. हुशार इंटर्न होता. आईला वजन विचारलं, ती म्हणाली नऊ किलो. ॲपमध्ये घातलं. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १३५. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमवालं सिरप डोळ्यांसमोर धरून त्याने ५.४ मिली लिहिलं. गणित बिनचूक होतं. आईच्या हातातली बाटली मात्र ड्रॉप्सची, एका मिलीत १०० मिलिग्रॅम. त्यातले ५.४ मिली म्हणजे ५४० मिलिग्रॅम. सिस्टरने बाटली उलटून वाचली म्हणून थांबलं. मग बाळाला काट्यावर ठेवलं तर भरलं ७.४ किलो. त्याला त्या ड्रॉप्सचे १.१ मिली पुरे होते. जवळजवळ पाचपट औषध जाणार होतं, आणि ॲपची एक रेघही चुकलेली नव्हती.

दुसरी गोष्ट आपल्या सत्तरी तालुक्याची. २०१६ च्या काजूच्या दिवसांत चाळिशीचा एक माणूस आला. चार दिवसांचा ताप, अंग मोडून आलेलं, डोळे लाल. माझ्याबरोबरच्या विद्यार्थ्याने फोनवर लक्षणं घातली आणि यादी वाचून दाखवली, डेंगी, मलेरिया, लेप्टो. यादी चुकीची नव्हती. मी कोकणीतून एवढंच विचारलं की काजूच्या बागायतीत जाता का. जातो म्हणाला. वर मेलेला माकड दिसला होता, असं स्वतःहून सांगितलं. माकडताप १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. तो गोचिडीमुळे होतो, आणि २०१५ पासून सत्तरीत ठाण मांडून बसलाय. रक्त तपासायला पाठवलं, तोच निघाला. तो माणूस काय काम करतो हे फोनला कुणी सांगितलंच नव्हतं, मग त्याने तरी काय करावं? तुमची मुलगी साखळीची आहे. काजूचे दिवस कधी सुरू होतात हे तिला माहीत आहे, तिच्या वर्गातल्या कितीतरी मुलांना नसेल. ते तिने वापरावं.

सोनोग्राफीचं यंत्र अजिबात घेऊ नका. खिशात मावणारं असलं तरी ते १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली येतं. नोंदणी झालेल्या जागेशिवाय ते ठेवता येत नाही, विद्यार्थ्याने घरी ठेवायचा तर प्रश्नच नाही. विकणारा हे सांगेलच असं नाही.

टॅब्लेट? माझ्या मते आत्ता नको. चांगला फोन घ्या, जास्त जागेचा.

इंटर्न_बांबोळी

काका, मॅडमचं सगळं पटलं, शेवटचं वाक्य सोडून.

मी पेडण्याची. रोज घरून ये-जा करायचे. पुस्तकांचं वजन पाठीवर घेऊन दोन बसा बदलायच्या. मग सेकंडहँड टॅब्लेट घेतला आणि बसमधले दीड-दोन तास अभ्यासाचे झाले. ॲनॅटॉमीची चित्रं मी त्यावर रोज पुसून पुन्हा काढायचे. कागदावर इतक्या वेळा काढलीच नसती. प्रश्नांची कार्डं करून ठेवायची. जे चुकतं ते ॲप दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतं, जे येतं ते आठवड्याने. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचा विषय, मी अशीच पार केली, आणि तुमच्या मुलीला तो विषय आत्ता आहे.

आणखी एक. हृदयाचा मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकायला एका रोग्याभोवती आम्ही पंचवीस-तीस जण. प्रत्येकाला काही सेकंद मिळायचे, आणि तो माणूस बिचारा दमून जायचा. मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद झाल्याचा, आवाज मला वॉर्डात कधी कळलाच नाही. रेकॉर्डिंग इयरफोन लावून रात्री शंभर वेळा ऐकलं. मग पुढच्या पोस्टिंगला स्टेथो ठेवल्याबरोबर ओळखला. आधी फोनवर ऐकला नसता तर त्या बाईच्या छातीवरही मला नुसती धडधड ऐकू आली असती. मॅडम, म्हणून यंत्र नंतर आणि हात आधी, असं प्रत्येक वेळी होत नाही.

वॉर्डात मात्र टॅब्लेट नेऊ नका. एप्रनच्या खिशात मावत नाही, खाटेवर ठेवला जातो आणि तिथून पुढच्या खाटेवर. वॉर्डात फोनच बरा, औषधांचं ॲप ऑफलाइन चालणारं, कारण आत रेंज कुठे मिळते, कुठे नाही. रोज स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा. आणि रोग्यासमोर बघताना मोठ्याने सांगायचं, ‘मावशी, तुमच्या गोळीचा डोस बघते हां.’ नाहीतर त्यांना वाटतं पोरगी व्हॉट्सॲपवर आहे, आणि विश्वास जातो तो जातोच. एक्स-रेचा नावासकट फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडायला हवं. मी एकदा टाकला होता. मुलीचा एक्स-रे होता तो, त्याच ग्रुपमध्ये तिच्या गावचा मुलगा निघाला. अजून आठवलं की पोटात कालवतं.

वॉर्डातली_सिस्टर

सव्वीस वर्षं वॉर्डात काढली. ड्रॉप्स आणि सिरपची गल्लत मीही तीनदा पकडलीय, म्हणून राहवलं नाही.

भाऊ, मुलीला आधी सेकंदकाटा असलेलं घड्याळ घेऊन द्या. एप्रनला टाचायचं मिळतं, काही शे रुपयांत येतं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो. पोरं फोन समोर धरून मोजतात, तीस सेकंदांनी पडदा काळा होतो, मग दुप्पट करून लिहितात. लहान मुलाचा श्वास सारखा नसतो, मध्येच थांबतो, मध्येच भरभर चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा वर, वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा वर, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा वर गेला की न्यूमोनियाचा विचार करायचा. अर्ध्या मिनिटात २४ मोजले की ४८ लिहिणार, आणि पूर्ण मिनिट मोजलं तर ५२ भरतात. एक बाळ घरी जातं आणि एक भरती होतं, एवढा फरक आहे त्यात. आणि नजर बाळाच्या छातीवर हवी. बरगड्यांखाली खड्डा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, हे त्याच मिनिटात दिसतं.

डिचोलीची_डॉक्टर

सिस्टर, हे मी लिहायला हवं होतं, राहिलं.

इंटर्न बाय, मर्मरचं तुझं म्हणणं मान्य. आम्हाला तो आवाज ऐकायला वर्षं लागली, आणि काहींना शेवटपर्यंत आला नाही, हे खरं आहे. बसचा मुद्दाही माझ्या ध्यानात नव्हता, मी होस्टेलला होते. भाऊ, मुलगी घरून ये-जा करत असेल तर माझं मत बदललं. सेकंडहँड बघा, पण त्यासाठी हप्ते लावून घेऊ नका. त्याआधी तिच्याकडे स्वतःचा चांगला स्टेथो आहे का ते विचारा. बरीच मुलं दुसऱ्याचा मागून भागवतात, आणि मागायची लाज वाटली की ऐकायचंच सोडून देतात.

साखळीचा_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलगी घरूनच जाते. सकाळी पहिली बस. एकदा माझीच ड्युटी त्या गाडीवर होती. आरशात बघितलं तर पुढच्या माणसाच्या पाठीला टेकवून वही लिहीत होती.

स्टेथोचं विचारलं. मैत्रिणीचा वापरते म्हणाली. मला दीड वर्षात हे ठाऊक नव्हतं. रविवारी पणजीला जाऊन स्टेथो घेतला, घड्याळ घेतलं. तिचे डोळे भरले, मी गाडी लावायच्या निमित्ताने बाहेर गेलो. टॅब्लेट चवथीनंतर, सेकंडहँड, तिच्या पसंतीने. फोनची काच बदलून आणि जागेचं कार्ड घालून चालतंय.

काल रात्री तिने आज्जीचा श्वास मोजला. पूर्ण मिनिट. १८ भरले. आज्जी हलत होती म्हणून दोनदा मोजला.

एक विचारायचं राहिलं. दुकानदाराने ट्यूनिंग फोर्क (आपटला की थरथरणारे धातूचे काटे) दाखवले, १२८ आणि ५१२ असे आकडे होते. कुठला घ्यायचा हे तिलाही नक्की सांगता येईना, म्हणून तसेच परतलो.

डिचोलीची_डॉक्टर

दोन्ही घ्या, महाग नसतात. ५१२ कानाला, ऐकू किती येतं ते बघायला. १२८ पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा, थरथर कळते का विचारायचं. मधुमेहात ती जाणीव लवकर जाते, मग खडा रुतला तरी माणसाला कळत नाही आणि पाय सडल्यावर आमच्याकडे येतो. २०२३ साली आयसीएमआर-इंडियाबची मधुमेहावरची देशभरातली पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे तुमच्या भरलेल्या बसमध्येही दहा-बारा जण असतील. आज्जीला साखर आहे का? असेल तर १२८ चा पहिल्यांदा तिच्याच पायावर लावू दे.