पीएचडीसाठी विषय: अणुकचऱ्याचे रसायनशास्त्र की अणु-न्यायवैद्यक?

ऐरोलीची विद्यार्थिनी:
नमस्कार. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अणुकचऱ्यावरील संशोधन आणि जप्त केलेल्या युरेनियमचा माग काढणारे न्यायवैद्यक, यांपैकी कशात रसायनशास्त्राला अधिक वाव आहे? कचरा काचेत मिसळून पुरायचा, एवढेच असेल तर त्यात शोधायचे काय उरते, अशी माझी शंका आहे.

निवृत्त रसायनतज्ज्ञ, वाशी:
काचीकरण ही शेवटची पायरी आहे. खरी कसोटी त्याआधीच लागते. वापरलेल्या इंधनातून ट्रायब्युटाइल फॉस्फेट या सेंद्रिय द्रवाच्या साहाय्याने युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतल्यावर जे आम्लयुक्त द्रावण उरते, त्यात सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० असतात. त्यांचे अर्धायुष्य (निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ) सुमारे ३० वर्षांचे, म्हणजे ३०० वर्षांत त्यांचा जेमतेम हजारावा हिस्सा शिल्लक राहतो. त्याच द्रावणातल्या अमेरिशियम-२४१ चे अर्धायुष्य मात्र ४३२ वर्षे आहे, आणि ते वेगळे काढणे हीच डोकेदुखी आहे. अमेरिशियम आणि त्याच कचऱ्यातल्या लँथनाइड (युरोपियमसारख्या) मूलद्रव्यांचे आयन द्रावणात एकाच, +३ भाराचे असतात आणि आकारानेही जवळपास सारखे असतात, त्यामुळे ऑक्सिजनने जोडले जाणारे लिगंड, म्हणजे धातूच्या आयनाला धरून ठेवणारे रेणू, त्यांच्यात फारसा भेद करत नाहीत. नायट्रोजन किंवा गंधक असलेले लिगंड अमेरिशियमला किंचित अधिक घट्ट धरतात. या ‘किंचित’पायी कित्येकांची उमेदीची वर्षे गेली आहेत. शिवाय तो लिगंड नायट्रिक आम्ल आणि किरणोत्सार या दोहोंपुढे टिकला पाहिजे. कागदावर देखणे दिसणारे बरेच रेणू तिथेच गळतात.

विश्लेषण रसायनतज्ज्ञ, ठाणे:
न्यायवैद्यकातही विलगीकरण टळत नाही. युरेनियम शुद्ध करताना त्यातले थोरियम निघून जाते आणि त्या दिवसापासून युरेनियम-२३४ च्या ऱ्हासातून थोरियम-२३० पुन्हा साठू लागते. दोहोंचे गुणोत्तर मास स्पेक्ट्रोमीटरवर (अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर) मोजले की शुद्धीकरणाचा काळ ठरवता येतो. मात्र मूळ शुद्धीकरण अपुरे झाले असेल, तर नमुना आहे त्यापेक्षा जुना भासतो. मोजणीची आवड असेल तर इकडे या, रेणू घडवण्याची असेल तर कचऱ्याकडे वळा.

ऐरोलीची विद्यार्थिनी:
आभारी आहे. माझा ओढा लिगंडकडे आहे; परंतु आमच्या विभागात किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याची सोय नाही.

निवृत्त रसायनतज्ज्ञ, वाशी:
सुरुवात साध्या, अकिरणोत्सारी युरोपियमवर करता येते, कारण लँथनाइडांचा प्रतिनिधी म्हणून तेच वापरण्याचा प्रघात आहे. अमेरिशियमचे प्रयोग मात्र परवानाधारक प्रयोगशाळेतच करावे लागतील, म्हणून अणुऊर्जा विभागाच्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या प्रवेशाची चौकशी आधी करावी, हे बरे.