समन्यायी पाणीवाटप आपण न्याय्य कशावरून ठरवतो?

प्रश्न (पैठण): पाऊस अपुरा झालेल्या वर्षी गोदावरीवरच्या वरच्या भागातील धरणांतून पैठणच्या जायकवाडी धरणात पाणी सोडायची वेळ आली की आमच्याकडे त्याला हक्काचे पाणी म्हणतात आणि नाशिक-नगरकडे तेच पाणी पळवले असे म्हणतात. 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आहे. पुढे या पाणीवाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे 2014 मध्ये नियमही ठरला, की खरीप वापर धरून 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे. नियम लेखी असूनही तो दोन्हीकडच्या लोकांना सारखाच न्याय्य का वाटत नाही?

प्रतिसाद (निफाड): आमच्या वरच्या भागातले दारणा धरण 1916 चे, जायकवाडी 1976 चे. कालव्याला ठरावीक पाळीने सुटणाऱ्या ज्या आवर्तनाच्या भरवशावर आमच्या तीन पिढ्यांनी शेती केली आणि द्राक्षबागांसाठी कर्जे काढली, ते आम्हाला आधीपासूनचा हक्क वाटते. तरीही खालच्यांना पिण्यासाठी पाणी द्यायला माझी हरकत नाही. कोरड्या पात्रात किती जिरले आणि नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, किती पोहोचले, याचा पटेल असा हिशेब समोर येत नाही, हे मात्र मला कमी पाणी मिळण्यापेक्षा जास्त लागते.

प्रतिसाद (पुरंदर): दोन्ही बाजू धरण आणि जमीन धरूनच मोजत आहेत. आमच्या तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर नायगावातून पाणी पंचायत उभी केली, तेव्हा मोजण्याचे मापच बदलले: माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते, भूमिहीनांनाही वाटा आणि उसाला बंदी. मोठ्या शेतकऱ्याच्या वाट्याला यात कमीच येत असे, पण हिशेब गावातल्या कोणालाही करता येण्याजोगा होता आणि तो पाणी येण्याआधी ठरलेला होता. माझ्या मते लोक वाट्याच्या आकाराइतकाच या दोन गोष्टींवरून न्याय ठरवतात.

प्रश्नकर्ता: माणशी माप लावले तर ते आमच्यावरही उलटेल, हे मान्य केले पाहिजे. छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या पिण्याच्या पाण्याचे कारण आम्ही पुढे करतो, पण जायकवाडीच्या लाभक्षेत्रातही ऊस आहेच, आणि कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची आमच्याविषयी तीच तक्रार आहे जी आमची नाशिकविषयी आहे.