मदत हवी आहे: बर्टनच्या जुन्या रेल्वे फाटकांचे फोटो

मंडळी, नमस्कार. इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंटला राहते. शेजारचे आजोबा तरुणपणी बास ब्रुअरीच्या (बिअरच्या कारखान्याच्या) मालगाडीवर होते. ब्रुअरीची स्वतःची रेल्वे गावातून जायची, अगदी हाय स्ट्रीट ओलांडून! फाटक पडलं की बस, सायकली, सगळे खोळंबायचे. 1967 मध्ये ती बंद झाली. जवळच्या ॲशबी गावाला जाणारी ट्राम तर 1927 लाच गेली. आजोबांचा आवडता पब, कूपर्स टॅव्हर्न, मात्र अजून आहे. (इथलीच पेल एल बिअर एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात जायची.)

आजोबांची नजर अधू होतेय, त्याआधी त्यांना ती फाटकं पुन्हा दाखवायची आहेत. साठच्या दशकात इथे राहिलेल्या तुमच्या कुणा नातेवाइकांकडे फोटो आहेत का? कृपया घरी विचाराल?