डोक्यात बसणारा करंट: गोळी सोडतानाचे अनुभव

नैराश्यावरची किंवा चिंतेवरची गोळी थांबवल्यावर ज्यांना डोक्यात विजेसारखे झटके जाणवले, त्यांनी गोळीचे नाव, ती किती काळ घेतली आणि कशी सोडली एवढे नोंदवून आपला अनुभव येथे लिहावा, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करतो.

पॅरॉक्सेटिन मी दोन वर्षे घेत होतो. बरे वाटू लागले, तशी कोणालाही न विचारता एके दिवशी बंद केली. तिसऱ्या दिवशी कोल्हापुरात मिरजकर तिकटीला रस्ता ओलांडताना उजवीकडून येणाऱ्या केएमटी बसकडे नजर वळवली आणि त्याच क्षणी कानामागून कपाळापर्यंत 'झप्' असे काहीतरी सरकून गेले. वेदना नव्हती, मात्र बस मधले अंतर गाळून एकदम पुढे आल्यासारखी दिसली आणि मी एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. पुढे मान स्थिर ठेवून नुसती बुबुळे फिरवली तरी तसेच होई. मानेच्या मणक्याचा दोष समजून मी एक्स-रे काढला, पट्टा बांधला आणि अखेर, ज्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती त्यांच्याकडे गेलो. ''गोळी एकदम सोडली की असे होते, हे सांगायचे राहून गेले,'' असे ते म्हणाले. त्याचा राग मला अजून आहे. गोळी पुन्हा सुरू केल्यावर दोन दिवसांत झटके थांबले आणि नंतर ती आठ महिने थोडीथोडी कमी करत सोडली.

शिरोलीहून:
मी वायरमन आहे, त्यामुळे खरा शॉक मला चांगला ठाऊक आहे. तो हात आवळून धरतो, दंडापर्यंत कळ नेतो. हे तसे नव्हते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात महामार्गावर पाणी आले, कोल्हापुरात जाण्याची वाट बंद झाली आणि नेमकी तेव्हाच माझी व्हेनलाफॅक्सिनची पट्टी संपली. ही गोळी अंगातून फार लवकर उतरते. रक्तातले तिचे प्रमाण सुमारे ५ तासांत निम्म्यावर येते. दुसऱ्याच संध्याकाळी, मेणबत्तीवरून दाराकडे पाहिले की डोक्यात एक तडतड उठे आणि जीभ क्षणभर बधिर होई. घरात वीज नाही आणि यांच्या डोक्यात मात्र करंट, असे आमच्या मंडळी नंतर हसत सांगत. त्या वेळी कोणी हसत नव्हते. आता दरवर्षी मिरगाच्या आत महिन्याच्या गोळ्या आणून ठेवतो.

राजारामपुरीतून:
माझे औषधांचे दुकान आहे. गोळी सोडायची म्हणून एक दिवसाआड घेणारे पुष्कळ भेटतात. पॅरॉक्सेटिनसारख्या गोळीच्या बाबतीत त्यामुळे रक्तातले प्रमाण रोज वरखाली होते आणि झटक्यांना आमंत्रणच मिळते. दुसरी चूक शेवटच्या टप्प्यात होते. लहान मात्राही मेंदूतल्या सेरोटोनिन वाहकांचा (सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन पेशीत परत ओढून नेणाऱ्या प्रथिनांचा) मोठा हिस्सा अडवून ठेवते, म्हणून २० मिलिग्रॅमवरून १० वर येणे जेवढे सोपे जाते, तेवढे ५ वरून शून्यावर येणे जात नाही; हॉरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडले होते. व्हेनलाफॅक्सिनची दीर्घकाळ चालणारी कॅप्सूल मात्र कुटून वा चावून घेऊ नये. अल्प्राझोलामसारखी झोपेची, शांततेची गोळी एकदम सोडल्यास फिट येऊ शकते, त्यामुळे तो प्रयोग कोणीही घरी करू नये.

गंगावेशीतून:
फ्लुओक्सेटिन तीन वर्षे घेतली, डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केली, काहीही झाले नाही. ती अंगात कित्येक दिवस रेंगाळते, म्हणून आपोआपच हळूहळू उतरते, असे त्यांनी समजावले.

शाहूपुरीतून:
मला झटक्यांपेक्षा आजार उलटल्याची धास्ती जास्त होती. एस्सिटालोप्राम कमी केल्यावर चार दिवसांत रडू येऊ लागले आणि सासूबाईंनी ''पुन्हा सुरू झालं का गं?'' असे विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. डॉक्टरांनी मात्र आधी झटक्यांबद्दलच विचारले. आजार उलटायला सहसा आठवडे, महिने लागतात. त्यात डोळे फिरवल्यावर करंट बसत नाही, असे त्यांनी सांगितले आणि मात्रा आधीच्या पायरीवर नेली. आता महिन्याला एक लहान पायरी उतरते आहे. थकव्याच्या दिवशी, पोळ्या लाटताना तव्याकडून चटकन ओट्याकडे पाहिले, तर एखादा झटका अजून येतो. लाटणे खाली ठेवते, तो जाऊ देते आणि पुढची पोळी लाटायला घेते.