एक पोते कचरा उचलून समुद्राला काय फरक पडतो?

पुळणकर (धाग्याचे लेखक):

रत्नागिरी जिल्ह्यातील माझ्या गावच्या पुळणीवर मी गेली चार वर्षे दर रविवारी ओहोटीच्या वेळी एक रिकामे पोते घेऊन जातो आणि ते भरले की घरी परततो. परवा एका स्नेह्याने विचारले, की पुढच्या उधाणाला तेवढाच कचरा पुन्हा येऊन पडणार असेल, तर हा खटाटोप कशासाठी? प्रश्न चेष्टेने विचारलेला नव्हता, म्हणून येथे मांडतो आहे.

माझे म्हणणे असे, की प्लास्टिक हाताने उचलता येईल अशी शेवटची जागा म्हणजे किनारा. भरतीच्या रेषेवर पडलेली पिशवी उन्हाने ठिसूळ होते, लाटा आणि वाळू तिला दळतात, आणि आज दोन बोटांनी उचलता येणारी वस्तू काही काळाने वाळूच्या कणांएवढ्या तुकड्यांत विखुरते. ते तुकडे मग कोणतीही यंत्रणा, कितीही पैसा ओतला तरी, वेचून काढू शकत नाही. म्हणून वजनाच्या हिशेबात माझे पोते नगण्य असले, तरी त्यातील प्रत्येक वस्तू तुकडे होण्याआधी उचललेली असते, आणि पुढच्या आठवड्यात नवा कचरा आला म्हणून ते काम वाया गेले असे मला वाटत नाही.

मुंबईतील वर्सोव्याच्या किनाऱ्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. अफरोज शाह या वकिलांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह तेथे कचरा उचलण्यास आरंभ केला, पुढे शेकडो माणसे जोडली गेली, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. दोन माणसांपासून सुरू झालेल्या कामाला आपण क्षुल्लक म्हणणार का?

सडेतोड:

आपल्या कष्टांविषयी आदर आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. जगात २०१९ मध्ये सुमारे ४६ कोटी टन प्लास्टिक तयार झाले आणि प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला. नळ उघडा ठेवून फरशी पुसणाऱ्या माणसाची चिकाटी वाखाणावी, पण त्याला नळाकडे बोट दाखवायला कोणीतरी हवे.

त्याहून गंभीर आक्षेप असा, की ‘प्रत्येकाने आपला कचरा उचलावा’ हा उपदेश कित्येकदा कारखानदारांच्याच सोयीचा ठरला आहे. अमेरिकेत १९५३ साली ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ ही संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्यामागे डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या कंपन्या होत्या. कचरा टाकणारा नागरिक बेजबाबदार ठरला, आणि एकदाच वापरून फेकायची बाटली बाजारात आणणारा मात्र स्वच्छतेचा पुरस्कर्ता म्हणून मिरवला. आपल्याकडेही वेगळे काय घडले? महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड ठेवला, आणि वेफर्सची पाकिटे तशीच विकली जात राहिली. जागतिक प्लास्टिक कराराच्या वाटाघाटी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात तोडग्याविना संपल्या, कारण उत्पादनावर मर्यादा घालण्यास तेल आणि रसायनांवर पोसलेले देश तयार नाहीत.

वर्सोव्याचे उदाहरणही आपण अर्धेच सांगितले. गोळा झालेला कचरा वेळेवर उचलला जात नाही आणि स्वयंसेवकांना दमदाटी होते म्हणून ती मोहीम नोव्हेंबर २०१७ मध्ये काही काळ थांबवावी लागली होती. शेकडो हात जमले तरी गाडी यावीच लागते. आता एक सरळ प्रश्न विचारतो: आपले भरलेले पोते पुढे कोठे जाते?

रविवारची भरती:

थोडे विषयांतर वाटेल, पण आमच्या भागातील एका स्वच्छता कार्यक्रमात सर्वांना नवे कोरे प्लास्टिकचे हातमोजे, पाण्याची एकेक बाटली आणि प्लास्टिकच्या वेष्टनातील टी-शर्ट देण्यात आले. छायाचित्रे झाल्यावर किनाऱ्यावर जे उरले, त्याचे वर्णन करत नाही.

वेसावकरीण:

वरील दोन्ही मतांत समुद्र किनाऱ्यावरूनच पाहिलेला दिसतो, म्हणून होडीवरून काय दिसते ते लिहिते. आमची डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून बांधलेली असते, त्यामुळे बोंबील आणि जवळा येतो त्याच वाटेने पिशव्या, गुटख्याच्या पुड्या आणि निर्माल्याची प्लास्टिकची बोचकीही आत शिरतात. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत मासळी निवडण्याइतकाच वेळ कचरा निवडण्यात जातो. पूर्वी खलाशी तो कचरा पुन्हा पाण्यातच टाकत, कारण बंदरात आणून ठेवायला जागा नव्हती आणि त्याचे वजन वाहून डिझेल कोणी जाळायचे, हा प्रश्न होता.

माझा भाऊ गेली दोन वर्षे तो कचरा पोत्यात भरून परत आणतो. त्याला वेड्यात काढणारेच अधिक आहेत. केरळमध्ये मात्र कोल्लमजवळच्या नींडकरा बंदरात २०१७ पासून जाळ्यात आलेले प्लास्टिक बोटींवरून परत आणण्याचा उपक्रम शासनाच्या मदतीने उभा राहिला. तेथे ते धुऊन, त्याचा चुरा करून रस्त्याच्या डांबरात वापरले गेले. नींडकऱ्याचे खलाशी आमच्या खलाश्यांहून अधिक सज्जन असतील असे मी मानत नाही. त्यांनी आणलेला माल घ्यायला धक्क्यावर कोणीतरी उभे होते, आमच्याकडे नाही.

सडेतोड यांना आमच्या बाजूचा दोषही सांगते. पॅसिफिक महासागरातील कचऱ्याच्या मोठ्या पट्ट्याचा जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वजनाने ४६ टक्के वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा निघाला. तुटलेले नायलॉनचे जाळे सोडून देणारा नाखवा कारखानदार नसतो, आमच्यातलाच असतो. तेव्हा केवळ कंपन्यांवर बोट दाखवून आम्हालाही सुटता येणार नाही.

पुळणकर:

सडेतोड यांच्या प्रश्नाचे उत्तर देणे मला अवघड जाते, तरीही देतो. पहिल्या वर्षी पोती गावाबाहेर टाकली जात आणि तेथे कोणीतरी ती पेटवून देई. म्हणजे जे प्लास्टिक मी वाळूतून वाचवले, त्याचा धूर गावानेच श्वासात घेतला. तेव्हापासून मी घरीच निवड करतो. बाटल्या आणि बुचे भंगारवाला घेतो. वेफर्सची पाकिटे, थर्माकोल, तुटक्या चपला आणि जाळ्यांचे तुकडे तो घेत नाही, कारण अनेक थर चिकटवून केलेल्या पाकिटाला भाव नाही. आमच्या रिकाम्या गोठ्यात अशी सव्वीस पोती साठली आहेत. पत्नी विचारते, म्हैस आणली असती तर निदान दूध तरी मिळाले असते.

सडेतोड:

तीच सव्वीस पोती माझ्या दृष्टीने आपल्या चार वर्षांच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग आहेत. देशाच्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वेष्टन बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर त्याच्या कचऱ्याची जबाबदारी आहे. पोती उघडून कोणत्या कंपनीची किती पाकिटे निघाली याची मोजदाद करावी आणि ती यादी ग्रामसभेसमोर व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावी. पाकीट उचलण्याला माझा विरोध कधीच नव्हता. ते गुपचूप उचलून उत्पादकाला मोकळे सोडण्याला आहे.

पुळणकर:

काल संध्याकाळी दोन पोती उघडली. अडचण अशी, की सहा-आठ महिने वाळूत पडलेल्या पाकिटांवरील छपाई उन्हाने पार उडालेली आहे. केवळ चंदेरी कागद उरला आहे, आणि तो कोणाचा हे सांगता येत नाही. नावे वाचता आली ती आल्या आल्या, त्याच आठवड्यात उचललेल्या पाकिटांवरचीच. त्यामुळे मोजदाद करायची तर दर रविवारी जावेच लागेल, आणि यापुढे पोत्याबरोबर वहीही न्यावी लागेल.