खरा कस कुठे लागतो: सर्किटवर, रॅलीत की चोवीस तासांत?

खडीवाला

मोनॅकोची २०२४ची एफ-वन शर्यत आठवते का? पहिल्याच लॅपला (फेरीला) मोठा अपघात, लाल बावटा, शर्यत थांबली. त्या थांबलेल्या वेळात सगळ्यांनी टायर बदलून घेतले आणि पिटस्टॉपचा, म्हणजे मध्येच टायरसाठी थांबण्याचा, विषयच मिटला. पुढे काय झालं? ७८ लॅपची शर्यत, आणि पहिले दहा जण ज्या क्रमाने सुरुवातीला उभे होते त्याच क्रमाने शेवटाला पोचले. लक्लेर घरच्या रस्त्यांवर जिंकला, आनंद आहे. पण ही शर्यत होती की वरात?

२०२५ला त्यावर उपाय म्हणून निदान दोन पिटस्टॉप सक्तीचे केले. संघांनी लगेच पळवाट काढली. एका ड्रायव्हरला मुद्दाम रेंगाळायला लावायचं, मागे रांग तुंबवायची, आणि पुढे तयार झालेल्या मोकळ्या जागेत जोडीदाराचा पिटस्टॉप उरकून घ्यायचा. मग दोघांनी कामं बदलायची. रसेल इतका वैतागला की शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं) सरळ कापून पुढच्या आल्बनच्या पुढे गेला आणि शिक्षा झाली तर होऊ दे म्हणाला. झालीच.

माझं म्हणणं सरळ आहे. ड्रायव्हरचा खरा कस रॅलीत लागतो, जिथे एकेक गाडी सुटते आणि रस्त्याच्या एकेका तुकड्यावर, म्हणजे स्टेजवर, घड्याळाशी झुंजते. रस्ता आधी दोनदाच बघायला मिळतो, तोही कमी वेगात. तेवढ्यात पेस नोट्स, म्हणजे प्रत्येक वळणाच्या सूचना, लिहायच्या. मग स्पर्धेच्या वेगात, वळण डोळ्यांना दिसायच्या आधी, को-ड्रायव्हरच्या शब्दावर गाडी आडवी टाकायची. माँटे कार्लो रॅलीत तर एकाच स्टेजमध्ये कोरडं डांबर, ओल आणि बर्फ. कुठलाही टायर घ्या, कुठल्या तरी तुकड्यात मार खायचाच. आणि चुकलात तर पुढे रुंद मोकळं डांबर नसतं, झाड असतं.

किमी रायकोनेन एफ-वनचा विश्वविजेता. २०१० आणि २०११ अशी दोन वर्षं रॅलीत होता, सर्वोत्तम निकाल पाचवा. उलट रॅलीचा सेबास्तियन लोब २००६ला ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीला गेला आणि दुसरा आला. ज्याने त्याने काय ते समजावं.

पोलसिटर

समजलं. एक माणूस इकडून तिकडे गेला, एक तिकडून इकडे आला, आणि तुम्ही निकाल लावून मोकळे! ले मान्समध्ये एका गाडीला तीन ड्रायव्हर असतात हे मात्र सोयीस्करपणे गाळलंत.

आता रॅलीबद्दल. २००४ ते २०१८, सलग पंधरा वर्षं विश्वविजेत्याचं पहिलं नाव सेबास्तियन होतं. आधी नऊ वर्षं लोब, मग सहा वर्षं ओजिए. एफ-वनमध्ये एकाने सलग तीन वर्षं जिंकली की तुम्ही लोक कंटाळा आला म्हणून ओरडता.

आणि मूळ मुद्दा तर राहिलाच. रॅलीत समोर कोणी नसतं. घड्याळाला फसवता येत नाही, घाबरवता येत नाही, ते तुमच्यासाठी दार बंद करत नाही. एफ-वनची जेद्दा २०२२ बघा. डीआरएस, म्हणजे पंखाची झडप उघडून मागच्या गाडीला सरळ रस्त्यावर जादा वेग देणारी सोय, कोणाला मिळणार हे ठरवणारी रेष शेवटच्या वळणाच्या तोंडाशी होती. ती जो आधी ओलांडेल तो पुढच्या सरळ रस्त्यावर उघडा पडणार. म्हणून लक्लेर आणि व्हर्स्टापेन, दोघेही ती रेष आधी ओलांडू नये म्हणून ब्रेक दाबत होते! ताशी तीनशेच्या आसपासच्या वेगातून दोन माणसं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतायत. असला डाव खेळायला समोर माणूस लागतो.

खडीवाला

मजेशीर होतं, मान्य. पण तो डाव एका पंखाच्या झडपेचा होता, ड्रायव्हिंगचा नव्हे. रेष दुसरीकडे आखली असती तर तो डाव झालाच नसता.

सार्डिनियाची २०२४ची रॅली घ्या. इतक्या स्टेजेस झाल्यावर शेवटच्या स्टेजला ओजिए पुढे होता. टायर गेला. तानाक ०.२ सेकंदांनी जिंकला. समोर माणूस नव्हता म्हणून कोणाचा घसा कोरडा पडायचा राहिला का?

शिवाय खडीच्या रॅलीत पहिल्या दिवशी गुणतक्त्यात जो पहिला तोच रस्त्यावर पहिला सुटतो. म्हणजे वरची सैल खडी त्याने झाडायची आणि मागच्यांना साफ रस्ता मिळायचा. ओजिएने वर्षानुवर्षं ही झाडलोट केली आणि तरी जिंकला. तुमच्याकडे आघाडीवरच्याला स्वच्छ हवा मिळते, आमच्याकडे शिक्षा.

पोलसिटर

म्हणजे सगळ्यांना सारखा रस्ताही मिळत नाही, हे तुम्हीच सांगताय. धन्यवाद.

रात्रपाळी

तुमचं दोघांचं चालू द्या. पण कस म्हणजे नुसता एका लॅपचा किंवा एका स्टेजचा वेग का धरताय?

ले मान्स २०१६. टोयोटाने तोवर ही शर्यत एकदाही जिंकली नव्हती. २३ तास ५० मिनिटं उलटली, पाच नंबरची गाडी आघाडीवर, काझुकी नाकाजिमा चालवतोय. अचानक रेडिओवर त्याचा आवाज आला की पॉवर नाही. गाडी मंदावत मंदावत सुरुवातीच्या रेषेशी, स्वतःच्याच संघाच्या डोळ्यांसमोर थांबली, आणि पोर्शे बाजूने निघून गेली. कशीबशी पुन्हा चालू करून त्याने शेवटचा लॅप पूर्ण केला, पण त्याला नियमाच्या सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला म्हणून निकालात जागाच नाही. दुसरा नाही, तिसरा नाही, काहीच नाही. पोर्शेच्या माणसांनासुद्धा आधी नीट आनंद करता येईना. असं काही ७८ लॅपमध्ये दाखवा.

आणि ड्रायव्हिंगचंच म्हणाल तर रात्री तीन वाजता १३.६ किलोमीटरच्या लॅपवर हायपरकार, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गातली गाडी, चालवून बघा. पुढे एलएमपी-टूवाले, त्यांच्या पुढे जीटी-थ्रीवाले, म्हणजे कमी वेगाच्या वर्गांतले, त्यात हौशी ड्रायव्हरही असतात. प्रत्येक लॅपला अशा गाड्या ओलांडायच्या. एकाच्या मागे पोर्शे कर्व्ह्ज नावाच्या वळणांत अडकलात की तेवढ्यात काही सेकंद गेले. घाई केलीत तर गाडीच गेली. समोरच्याने आरशात पाहिलंय का, हे त्याच्या गाडीच्या हालचालीवरून ओळखायचं. सेटअपही, म्हणजे गाडीची जुळणी, तिघांना चालेल असा. स्वतःला आवडणारी गाडी कोणालाच मिळत नाही.

रॉबर्ट कुबिचाचं उदाहरण या चर्चेत कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटतं. एफ-वनची शर्यत जिंकलेला माणूस. २०११ला एका रॅलीत भीषण अपघात झाला, उजवा हात पुन्हा पूर्वीसारखा झालाच नाही. २०२५ला तो फेरारीतून ले मान्स जिंकला, आणि शेवटचा पल्ला स्वतः चालवून गाडी रेषेपार नेली. तिन्ही जगं एकाच माणसाने पाहिलीत.

पोलसिटर

कुबिचापुढे हात जोडतो. पण तुमच्या चोवीस तासांची एक गोष्ट तुम्ही कधी सांगत नाही: बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स. जो वेगवान त्याला वजन लावा, नाहीतर पॉवर कमी करा. मग जिंकला कोण, अभियंता की तक्ता भरणारा अधिकारी? एफ-वनमध्ये निदान चांगली गाडी बनवल्याचा दंड होत नाही. २०२३ला रेड बुलने २२पैकी २१ शर्यती जिंकल्या. कंटाळवाणं होतं, पण खरं होतं.

रात्रपाळी

आणि तो तक्ता नसताना काय होतं तेही सांगा की. आउडी गेली, मग पोर्शे गेली. २०१८ आणि २०१९ला अलोन्सो ले मान्स जिंकला तेव्हा वरच्या वर्गात बड्या कंपनीचा संघ एकच उरला होता, टोयोटा, आणि तो त्याच संघात होता. २०२५ला त्याच वर्गात आठ कंपन्या: फेरारी, पोर्शे, टोयोटा, कॅडिलॅक, बीएमडब्ल्यू, पूजो, अल्पीन, ॲस्टन मार्टिन. शुद्धता हवी की शर्यत, एक काय ते निवडा.

डावीकडे वळा

मला ठाऊक आहे, मी आलो की सगळे हसणार. ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, म्हणजे नुसतं डावीकडे वळत राहणं, वगैरे. हसून घ्या.

कॅन्सस २०२४, अमेरिकेतली नासकार शर्यत. लार्सन आणि ब्यूशर यांच्यात ०.००१ सेकंदाचा फरक. एक हजारांश. तुमच्या ०.२ सेकंदांत आमचे दोनशे निकाल बसतात.

डेटोनामध्ये मागची गाडी पुढच्याच्या बंपरला टेकून ढकलते. ते ढकलणं सरळ रेषेत असलं तर दोघांचा फायदा; तसूभर कोपऱ्यावर लागलं की पुढचा आडवा आणि त्याच्यामागे पंधरा गाड्यांचा खच. जो आत्ता ढकलतोय तोच पुढच्या लॅपला वाटेत सोडून देणार आहे हेही माहीत असतं. पोलसिटर, तुम्हाला समोर माणूस हवा ना? इथे पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना आहेत.

खडीवाला

मार्टिन्सव्हिल २०२२ला रॉस चॅस्टेन शेवटच्या लॅपला गिअर वर टाकून, गाडी भिंतीला घासत, पाय न उचलता पाच गाड्यांच्या पुढे गेला. स्टीअरिंगचं काम भिंतीने केलं. हे तुमचं कौशल्य?

डावीकडे वळा

हो! कारण त्याआधी दुसऱ्या कोणालाही तिथे ते सुचलं नाही. त्या एका लॅपमुळे डेनी हॅमलिन बाहेर आणि चॅस्टेन विजेतेपदाच्या अंतिम चारांत. पुन्हा कोणी करू नये म्हणून नंतर दंडाची तंबीच द्यावी लागली. ज्या युक्तीसाठी तंबी द्यावी लागते ती बिनडोक नसते.

जुना चाहता

तुम्ही सगळे आजच्या पोरांच्या गोष्टी करताय. एफ-वनची मोंझा १९७१, पहिले पाच जण ०.६१ सेकंदांत. रेडिओवरचा इंजिनिअरही नव्हता. आणि रॅली म्हणजे ग्रुप बी, तो जुना अतिवेगवान गाड्यांचा वर्ग. त्यानंतर सगळं पाणचट झालं.

रात्रपाळी

१९६९ची स्पॅनिश ग्रां प्रीही त्याच काळातली. जॅकी स्टुअर्ट दोन पूर्ण लॅपच्या फरकाने जिंकला. मोंझा तेवढी सगळ्यांना आठवते.

आणि ग्रुप बी पाणचट व्हावी म्हणून कोणी बंद केली नाही. १९८६ला पोर्तुगालमध्ये गाडी गर्दीत घुसून प्रेक्षक गेले. दोनच महिन्यांत कॉर्सिकात टोइव्होनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर क्रेस्टो गाडीसकट जळाले. ते टोइव्होनेनसारख्या निष्णात ड्रायव्हरच्या हातून घडलं, म्हणजे गाडी माणसाच्या आवाक्याबाहेर गेली होती. यात रम्य काय आहे ते मला कधीच कळलं नाही.

गुडघा टेकला

चार चाकांवरची भांडणं संपली असतील तर दोन चाकांचं बोलतो.

ड्रायव्हर किती आणि गाडी किती, हा प्रश्न मोटोजीपीत, म्हणजे मोटारसायकलींच्या शर्यतींत, सगळ्यात कमी पडतो, कारण स्वाराचं शरीर हाच यंत्राचा भाग आहे. ६० अंशांहून जास्त कललेल्या गाडीवर कोपर जमिनीला घासतंय आणि वजन दोन बोटं आत-बाहेर केलं तरी रेषा बदलते. फिलिप आयलंड २०१५ बघितली नसेल तर आजच बघा. मार्केझ, लोरेन्झो, इयानोने, रोस्सी, चौघांची अदलाबदल थांबतच नाही. लोरेन्झो आता सुटला असं वाटत असताना मार्केझने शेवटच्या लॅपला त्याला गाठलं आणि मागे टाकलं. इयानोने तर त्याच शर्यतीत एका सीगलला धडकला आणि तरी तिसरा आला.

पण आता आमच्याकडेही रोग शिरलाय, तो लपवत नाही. विंग्ज आल्या, गाडी खाली बसवणारी उपकरणं आली. दुसऱ्याच्या मागे चिकटून राहिलं की पुढच्या टायरला गार वारा लागत नाही, तो तापतो, आतला दाब चढतो आणि ब्रेक मारला की गाडी वळायचं नाव घेत नाही. म्हणून दोन लॅप जोर लावायचा आणि मग मागे सरकून टायर गार करायचा. २०२७पासून ती उपकरणं बंद आणि इंजिन १००० सीसीवरून ८५० वर. हे आधीच करायला हवं होतं.

खडीवाला, तुमचा राग एफ-वनवर नाहीच, हवेवर आहे. मागच्याला जवळ येऊ न देणारी जी हवा पुढची गाडी सोडते, तिच्यावर. ती काढली की सर्किटवरही ड्रायव्हर दिसतो.

पोलसिटर

यावर +१. पण डाऊनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर, पूर्ण काढला तर सुझुकाच्या पहिल्या वळणांमधला तो थरारही जाईल. तिथे गाडी डांबराला चिकटलेली असते म्हणूनच तो वेग शक्य होतो, आणि तो वेग पेलणं हेही कौशल्यच आहे. हवेचा फायदा फुकट मिळत नाही. गाडी पकड सोडेल की धरून ठेवेल, हे पाय न उचलता ताडावं लागतं.

बाकी खडीवाला, काले रोव्हानपेराबद्दल अजून एक शब्द नाही तुमचा. २०२२ला बाविसाव्या वर्षी सगळ्यात तरुण रॅली विश्वविजेता, २०२३ला पुन्हा. आणि २०२५ला त्याने जाहीर केलं की रॅली सोडून सिंगल सीटरकडे, म्हणजे एकाच आसनाच्या शर्यतीच्या गाड्यांकडे, जातोय. जिथे खरा कस लागतो ती जागा त्याने का सोडली?

खडीवाला

पंचवीस वर्षांचा झाला तेव्हा दोन विश्वविजेतेपदं खिशात होती, म्हणून सोडली. तिकडे जिंकला तर रॅलीने घडवला असं मी म्हणणार, हरला तर तुम्ही काय म्हणणार ते आत्ताच लिहून ठेवा.

पोलसिटर

हरला तर म्हणेन, की शेजारी गाडी आल्यावर काय करायचं हे पेस नोट्समध्ये नव्हतं.

डावीकडे वळा

त्याला आधी ओव्हलवर पाठवा. बंपर लागला की कळेल.