विषय: महाप्रसादासाठी ग्रँट? की कडधान्याच्या वर्गासाठी?

प्रेषक: सचिव, सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

यंदा महाप्रसादाचा खर्च वर्गणीत बसत नाहीये. इथे अमेरिकेत बऱ्याच फाउंडेशन (देणग्या देणाऱ्या संस्था) खाद्यपदार्थांशी संबंधित सामाजिक कामाला पैसे देतात असं कळलं. आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करसवलत असलेली धर्मादाय संस्था, आहेच; मग ग्रँटसाठी (अनुदानासाठी) अर्ज करायचा का? कोणाला अनुभव असल्यास कळवा.

प्रेषक: एक सभासद, फ्रीमाँट

सचिवसाहेब, महाप्रसाद वर्गणीतूनच होऊ दे. ते आपल्या घरचं कार्य आहे. आपल्याच पंगतीसाठी बाहेर हात पसरला तर अर्ज पहिल्या चाळणीतच गळेल, कारण पैसे देणारा विचारतो ते मंडळाबाहेरच्या माणसाला काय मिळालं हे. पण आपल्याकडे द्यायला खूप काही आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी शनिवारी आमच्या भागातल्या फूड पॅन्ट्रीत (गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या केंद्रात) पिशव्या भरायला जाते. तिथे कोरडं कडधान्य नेहमी असतं: पिंटो, राजमा, चवळी, मसूर. डबाबंद बीन्स लोक पटापट उचलतात आणि कोरड्याची पिशवी परत टेबलावर ठेवतात. एका बाईंनी मला विचारलं, "हे शिजायला किती वेळ लागतो? माझ्याकडे एकच हॉट प्लेट आहे." मागे रांग लागलेली, उभ्या उभ्या काय सांगणार? म्हणून तिथे कडधान्य शिजवण्याचे वर्गच घेऊ या. आणि हे सांगायला आपल्या आयाबायांपेक्षा जाणकार कोण मिळणार?

राजम्याचंच घ्या. इथे स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा टाकून लोक कामाला जातात. त्या मंद आचेवर राजम्यातलं लेक्टिन (नैसर्गिक विषारी प्रथिन) नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. तो रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा; मग हवा तर स्लो कुकर. मुगाला मोड आणून दाखवायचे तर ते कच्चे द्यायचे नाहीत, उसळ करूनच द्यायची. इथल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत कच्चे मोड जोखमीच्या पदार्थांत धरतात. एवढं नीट शिकवलं की स्वस्तातलं, भरपूर प्रथिनं असलेलं जेवण त्या घरात कायमचं आलं.

पैसा अशा शिकवण्याला मिळतो. बर्कलीत अ‍ॅलिस वॉटर्स यांनी १९९५ साली मार्टिन ल्यूथर किंग मिडल स्कूलमध्ये एडिबल स्कूलयार्ड सुरू केलं. मुलं बागेत पिकवतात आणि शाळेच्याच स्वयंपाकघरात शिजवायला शिकतात. वॉशिंग्टनचं डीसी सेंट्रल किचन १९८९ पासून उरलेल्या अन्नातून जेवण करतं, आणि बेकारांना स्वयंपाकाचं शिक्षण देऊन कामाला लावतं. सॅन फ्रान्सिस्कोतलं ला कोसिना प्रामुख्याने स्थलांतरित बायकांना परवान्याचं स्वयंपाकघर देऊन धंद्यात उभं करतं. आपण त्यांच्यापुढे लहान आहोत, म्हणून नवी संस्था काढू नये. पॅन्ट्रीला सोबत घेऊन एकत्र अर्ज करावा: जागा आणि माणसं त्यांची, शिकवणं आपलं.

प्रेषक: खजिनदार

ताई, मनापासून पाठिंबा. पैशांची बाजू सांगतो.

खासगी फाउंडेशनला दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम धर्मादाय कामावर खर्च करावी लागते. त्यांचा ९९०-पीएफ हा करखात्याचा वार्षिक फॉर्म सर्वांना बघता येतो, आणि कोणाला किती दिले याची यादी त्यात असते. कँडिड (सेवाभावी संस्थांची माहिती देणारी संस्था) किंवा प्रोपब्लिका (शोधपत्रकारितेची संस्था) यांच्या साइटवर तो मिळेल. आधी ही यादी वाचायची. आपल्याएवढ्या संस्थांना ज्यांनी कधीच दिलं नाही, त्यांच्या अर्जावर रात्री जागवू नयेत.

आपला ९९०-एन (छोट्या संस्थांचा असाच वार्षिक फॉर्म) दरवर्षी वेळेवर जातो. तो सलग तीन वर्षं चुकला तर करसवलत आपोआप रद्द होते, म्हणून पुढच्या कार्यकारिणीनेही हे डोळ्यांत तेल घालून पाहावं. काही ग्रँटमध्ये आधी आपण खर्च करायचा आणि बिलं दिल्यावर पैसे मिळतात. तेवढी रक्कम हाताशी आहे का, हे पाहूनच अर्ज टाकू.

प्रेषक: एक सभासद, सनीवेल

काकू, मला शिकवायला खूप आवडेल. पण मी एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे, ईएडी म्हणजे कामाचा परवाना नाही. मानधन नको, फक्त माझ्यामुळे मंडळाला त्रास व्हायला नको. आई पण आलीय, व्हिजिटर व्हिसावर. तिची चवळीची उसळ तुम्ही खाल्लीच आहे.

प्रेषक: एक सभासद, फ्रीमाँट

अगं, बरं झालं विचारलंस. तुम्ही दोघींनी मानधन तर नाहीच, गिफ्ट कार्डसुद्धा घ्यायचं नाही. आणि ज्या कामाला इतरांना पैसे देतो तेच काम तुमच्याकडून फुकट करून घ्यायचं नाही. म्हणून शिकवणाऱ्या सगळ्याच जणी स्वयंसेवक, असं अर्जात स्पष्ट लिहू. तरी वकिलांना विचारल्याशिवाय तुमची नावं घालणार नाही.

मग पैसा कशाला? काउंटीचा (जिल्हा प्रशासनाचा) परवाना असलेल्या स्वयंपाकघराचं भाडं, विमा, शिधा आणि स्पॅनिश व कँटोनीज दुभाषे. दुभाष्यांना पूर्ण मोबदला द्यायचा, तिथे काटकसर नको. किती जण जेवले हे मोजत बसण्यापेक्षा महिन्याभराने किती जणांनी घरी पुन्हा केलं, हे फोन करून विचारू.

खजिनदार, यादी तुम्ही काढा, पॅन्ट्रीशी मी बोलते. ज्यांना शिकवायचंय त्यांनी एकेक पदार्थ कळवा, पण प्रेशर कुकरशिवाय, एका पातेल्यात होणारा. तिथे येणाऱ्या बहुतेकांकडे प्रेशर कुकर नसतो.